दोन महायुद्धांमधला ग्रीस: निवडणूक हरणं कुणालाच का परवडत नव्हतं

प्रश्न तिहेरी आहे. पहिल्या महायुद्धापासून १९३६ पर्यंत ग्रीसमध्ये एकामागून एक लष्करी बंडं का होत राहिली? तो राजेशाही विरुद्ध प्रजासत्ताक एवढाच झगडा होता का? आणि १९३६ साली आलेली राजनिष्ठ सेनाधिकारी-राजकारणी इओआनिस मेटाक्सासची हुकूमशाही साम्यवाद्यांच्या भीतीतून आली, हे म्हणणं कितपत खरं? विसाव्या शतकातला युरोप शिकवताना ग्रीसचा हा काळ मी दर वर्षी सावकाश घेतो, कारण विद्यार्थी तो सनावळी म्हणून पाठ करतात आणि त्यातली माणसं हातातून निसटतात. म्हणून इथेही जरा विस्ताराने लिहितो.

आधी थोडक्यात. राजा हवा की नको हा वाद खराच होता; लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले, मेलेही. पण बंदूक घेऊन बाहेर पडलेल्या सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात त्याहून जवळची गोष्ट होती: नोकरी, बढती, पेन्शन, आणि १९२२ नंतर स्वतःचा जीव. ज्या देशात सरकार बदललं की न्यायाधीशापासून शाळामास्तरापर्यंत आणि जनरलपासून लेफ्टनंटपर्यंत सगळे घरी बसतात, तिथे निवडणूक हरणं म्हणजे घरदार उघड्यावर येणं. असं असताना पराभव मान्य कोण करणार? माझ्या मते या वीस वर्षांची किल्ली लष्कराच्या सेवाज्येष्ठतेच्या यादीत आहे. पक्षांचे जाहीरनामे त्यानंतर वाचावेत.

सुरुवात १९१५ची. पंतप्रधान एलेफ्थेरिओस व्हेनिझेलॉस मूळचे क्रीट बेटावरचे. १९१२-१३च्या बाल्कन युद्धांत त्यांच्या काळात ग्रीसचा प्रदेश जवळपास दुप्पट झाला होता. महायुद्धात ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने उतरावं असा त्यांचा आग्रह. राजा कॉन्स्टंटाईन तटस्थ राहण्याच्या मताचा. त्याची राणी सोफिया ही जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मची सख्खी बहीण. त्या एका वर्षात व्हेनिझेलॉसना दोनदा सत्ता सोडावी लागली. १९१६ साली त्यांच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी थेस्सलोनिकीत उठाव केला आणि तिथे वेगळं सरकार उभं राहिलं. एका देशात दोन सरकारं, दोन फौजा. डिसेंबरात अथेन्समध्ये दोस्त राष्ट्रांच्या (ब्रिटन-फ्रान्सच्या) तुकड्या आणि राजनिष्ठ सैन्य यांच्यात गोळीबार झाला आणि मग शहरातल्या व्हेनिझेलॉसवाद्यांची घरं-दुकानं फुटली. महापौर इमान्युएल बेनाकिस यांना पकडून अपमानित करण्यात आलं. त्याच महिन्याच्या अखेरीस आर्चबिशपने व्हेनिझेलॉसना जाहीर शाप दिला आणि लोकांनी एका मैदानात शापाचे दगड टाकून ढीग रचला. ग्रीक इतिहासात या फाटाफुटीला राष्ट्रीय दुही म्हणतात.

१९१७च्या जूनमध्ये दोस्तांच्या दबावाखाली कॉन्स्टंटाईन देश सोडून गेला, धाकटा मुलगा अलेक्झांडर गादीवर बसला आणि व्हेनिझेलॉस अथेन्सला परतले. आता हिशेब चुकता करण्याची पाळी त्यांची. न्यायाधीशांचं सेवासंरक्षण काढून घेतलं गेलं. नोकरशहा, अधिकारी, अगदी बिशपसुद्धा पदावरून हटवले गेले. थेस्सलोनिकीच्या उठावात आधीपासून सामील झालेल्या अधिकाऱ्यांना मात्र जास्तीची सेवाज्येष्ठता बहाल झाली. हा शेवटचा मुद्दा नुसता वाचून सोडू नका. एकाच वर्षी अकादमीतून बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक कर्नल होतो आणि दुसरा निवृत्तिवेतनावर घरी बसतो, आणि फरक एवढाच की १९१६ साली कोण कुठल्या शहरात होता. त्या घरी बसलेल्या माणसाला राजनिष्ठ होण्यासाठी राजावर प्रेम असण्याची गरज नव्हती.

मे १९१९ मध्ये दोस्तांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मिर्नाला, म्हणजे आजच्या इझमीरला, उतरलं. १० ऑगस्ट १९२० रोजी हरलेल्या ऑटोमन तुर्कस्तानशी सेव्हरचा तह झाला आणि व्हेनिझेलॉसचं ‘महान ग्रीस’चं स्वप्न कागदावर तरी पूर्ण झालं. दोनच दिवसांनी पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर दोन राजनिष्ठ माजी अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते वाचले. पण बातमी अथेन्सला पोचताच व्हेनिझेलॉसवादी सुरक्षा दलाच्या माणसांनी विरोधी गटातले विचारवंत-राजकारणी इऑन ड्रागुमिस यांना रस्त्यात गाठून ठार केलं.

इथे एका स्त्रीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेनेलोपी डेल्टा, ग्रीसच्या बालसाहित्यातलं फार मोठं नाव. ज्यांची अथेन्सच्या जमावाने विटंबना केली त्या महापौर बेनाकिस यांची ही मुलगी, आणि व्हेनिझेलॉसची निष्ठावंत अनुयायी. तरुणपणी तिचं ड्रागुमिसवर जिवापाड प्रेम होतं. तो मारला गेला तिच्याच पक्षाच्या बंदुकांनी. त्यानंतर ती आयुष्यभर काळ्या कपड्यांत राहिली, आणि व्हेनिझेलॉसवरची निष्ठाही तिने सोडली नाही. दुहीची रेघ कुठून कुठून जात होती, ते या एका घरात दिसतं.

ऑक्टोबर १९२० मध्ये राजवाड्याच्या बागेत पाळीव माकड चावून सत्तावीस वर्षांचा राजा अलेक्झांडर मेला. नोव्हेंबरची निवडणूक त्यामुळे निर्वासित कॉन्स्टंटाईनला परत आणायचं की नाही यावर लढली गेली. १९१२ पासून जवळजवळ सलग लढाई चालू होती, घराघरातले तरुण आघाडीवर होते. राजनिष्ठांनी पोरं घरी आणू असं म्हटलं आणि ते जिंकले. व्हेनिझेलॉस स्वतःच्या मतदारसंघातही पडले आणि देश सोडून गेले. सार्वमत घेऊन कॉन्स्टंटाईन परत आला, घरी बसवलेले अधिकारी बुडालेल्या बढत्यांसकट परत आले, आणि आशिया मायनरमध्ये वर्षभर लढलेल्या अनेक अनुभवी अधिकाऱ्यांना बाजूला व्हावं लागलं. हे सगळं युद्ध चालू असताना! पोरं घरी आणण्याचं वचन तर विसरलंच गेलं. नव्या सरकारने युद्ध आणखी आत, अनातोलियाच्या पठारावर नेलं. १९२१च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साकार्या नदीवर ते अडलं.

कॉन्स्टंटाईन परतल्याचं निमित्त मिळताच दोस्तांनी कर्जं थांबवली. फ्रान्स आणि इटलीने अंकारातल्या मुस्तफा केमालच्या तुर्की सरकारशी आपापली बोलणी जुळवून घेतली. तिजोरी रिकामी. तेव्हा १९२२च्या वसंतात अर्थमंत्री पेत्रोस प्रोतोपापादाकिस यांनी जे केलं त्याला चलनाच्या इतिहासात तोड नाही. लोकांनी आपल्या नोटा कात्रीने मधोमध कापायच्या. डावा अर्धा भाग, ज्यावर नॅशनल बँकेचे संस्थापक स्ताव्रोस यांचं चित्र होतं, तो निम्म्या किमतीची नोट म्हणून वापरत राहायचा. उजवा, मुकुटाचं चित्र असलेला, सरकारजमा करायचा आणि बदल्यात सरकारी रोखे घ्यायचे. एका दिवसात प्रत्येक घरातली निम्मी रोकड सक्तीचं कर्ज होऊन गेली. हे डोळ्यांपुढे आणलं म्हणजे त्या साली दुकानदार, शेतकरी, विधवा बायका सरकारकडे कसं बघत असतील याचा अंदाज येतो. तो पैसा सैन्यावर गेला आणि काही महिन्यांत सैन्यच उरलं नाही.

आपल्याकडचा धागाही नेमका इथेच लागतो. खिलाफत चळवळीचा एक मुख्य आक्षेप सेव्हरच्या तहाला आणि स्मिर्ना ग्रीकांना देण्याला होता. केंद्रीय खिलाफत समितीचं काम मुंबईतून चाले आणि तुर्कांच्या मदतीसाठीचा अंगोरा (म्हणजे अंकारा) फंड याच चळवळीतून गोळा झाला. हिंदुस्थानातला असंतोष एवढा वाढला की स्मिर्ना आणि थ्रेस तुर्कांना परत द्यावं अशी मागणी खुद्द व्हाइसरॉय रीडिंग यांनी लंडनला तारेने कळवली. भारतमंत्री माँटेग्यू यांनी ती तार मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध केली आणि मार्च १९२२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतले माँटेग्यू म्हणून त्यांना आपण ओळखतो. त्यांची कारकीर्द संपली ती ग्रीस-तुर्कस्तानच्या युद्धापायी, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतं.

२६ ऑगस्ट १९२२ रोजी मुस्तफा केमालच्या सैन्याने हल्ला चढवला. दोन आठवड्यांत आघाडी कोसळली. ९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ स्मिर्नात शिरलं, १३ तारखेला शहराला आग लागली आणि धक्क्यावर अडकलेली लाखो माणसं पुढे समुद्र, मागे ज्वाळा अशी उभी राहिली.

हरलेलं सैन्य किऑस आणि लेस्बोस बेटांवर उतरलं आणि तिथेच कर्नल निकोलाओस प्लास्टिरास व कर्नल गोनातास यांनी बंड पुकारलं. विमानातून अथेन्सवर पत्रकं पडली: राजाने गादी सोडावी. कॉन्स्टंटाईन गेला आणि पुढच्या जानेवारीत पालेर्मोत वारला. त्याचा थोरला मुलगा जॉर्ज दुसरा राजा झाला. आणि मग आला तो खटला, ज्याने पुढची तेरा वर्षं विषारी करून टाकली.

आठ जणांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. जुन्या संसदभवनात विशेष लष्करी न्यायालय बसलं, अध्यक्ष जनरल ओथोनाइओस. सहा जणांना मृत्युदंड: माजी पंतप्रधान गुनारिस, स्ट्रातोस आणि नोटा कापणारे प्रोतोपापादाकिस, मंत्री बाल्तात्झिस आणि थिओटोकिस, आणि शेवटचे सरसेनापती हात्झिआनेस्टिस. २८ नोव्हेंबर १९२२च्या सकाळी निकाल वाचला गेला आणि त्याच दिवशी काही तासांत गुदी इथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गुनारिस तापाने फणफणलेले होते; त्यांना आजारपणातूनच उठवून नेलं. ब्रिटनने निषेध म्हणून आपला राजदूत परत बोलावला. (जुन्या ग्रीक पुस्तकांत ही तारीख १५ नोव्हेंबर दिसेल. १९२३च्या सुरुवातीपर्यंत तिथे जुनी दिनदर्शिका चालू होती, तेरा दिवसांचा फरक पडतो. या काळाच्या तारखा जुळवताना हे कायम लक्षात ठेवा.)

या सहा जणांनी चुका केल्या, भयंकर चुका केल्या. पण शत्रूला देश विकला असा राजद्रोह त्यांच्यापैकी कुणी केला नव्हता. निर्वासितांचे आणि हरलेल्या सैनिकांचे डोळे कुणाच्या तरी रक्ताकडे लागले होते आणि ते रक्त या खटल्याने दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० साली ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने, प्रोतोपापादाकिस यांच्या नातवाच्या अर्जावर, ती शिक्षा रद्दबातल ठरवली. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९२२ नंतर राजनिष्ठ पक्षाच्या प्रत्येक सभेत, प्रत्येक मंत्रिमंडळात ते सहा जण अदृश्यपणे हजर असत, आणि प्लास्टिरासच्या गटातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असे की उलटी पाळी आली तर भिंतीशी आपण उभे असू.

आता निर्वासित. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानला लोकसंख्या अदलाबदलीचा करार झाला. निकष धर्माचा: तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. घरात तुर्की बोलणारे ख्रिस्ती आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान, दोघेही उपटले गेले. वगळले फक्त इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान. १९२८च्या जनगणनेत सुमारे ६२ लाखांच्या देशात १२ लाखांहून जास्त निर्वासित नोंदले गेले. म्हणजे दर पाच माणसांत एक. सुरुवातीला अथेन्सच्या नाट्यगृहातल्या एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब पडदे लावून राहत होतं. पुढे राष्ट्रसंघाच्या कर्जातून पुनर्वसन आयोग उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष अमेरिकेचे हेन्री मॉर्गेंथाऊ. मॅसेडोनियात शेतजमिनी दिल्या गेल्या, अथेन्स-पिरेअसभोवती नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, कोक्किनिया, केसारिआनी अशा वस्त्या उठल्या. स्थानिकांनी त्यांना ‘तुर्कांची बीजं’ म्हटलं, ‘दह्याने बाप्तिस्मा झालेले’ म्हणून हिणवलं. डॉ. आंबेडकरांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना लोकसंख्या अदलाबदलीचा दाखला म्हणून ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियाचीच उदाहरणं घेतली होती, म्हणून मराठी वाचकाने हा भाग विशेष बारकाईने पाहावा. करार यशस्वी झाला असं म्हणणारे राज्यांच्या सीमांकडे बघतात. वस्तीतल्या लोकांनी पुढची दोन पिढ्यांची वर्षं कशात काढली ते त्यात येत नाही.

राजकारणात निर्वासितांचं वजन प्रचंड होतं. आपल्यावरच्या आपत्तीला राजाच जबाबदार, अशी त्यांची खात्री; त्यामुळे त्यांची मतं एकगठ्ठा व्हेनिझेलॉसकडे. उलट १९१२ आधीच्या सीमांतल्या जुन्या ग्रीसमधल्या, विशेषतः पेलोपोनीजमधल्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला वाटे की हे परके लोक येऊन आपल्या देशाचं सरकार ठरवतात. दुहीला आता भूगोलही मिळाला.

ऑक्टोबर १९२३ मध्ये राजनिष्ठ अधिकाऱ्यांनी बंड केलं. ते फसलं आणि त्यांची मोठी छाटणी झाली. त्यात मेटाक्सासचाही हात होता. तो देशाबाहेर पळाला. डिसेंबरात राजा जॉर्जला देश सोडायला लावलं. २५ मार्च १९२४ला प्रजासत्ताक घोषित झालं आणि एप्रिलच्या सार्वमतात सुमारे ७० टक्के मतं त्याच्या बाजूने पडली. पुढची चार वर्षं मी भरभर सांगतो, कारण त्यात गोंधळ जास्त आणि नवं कमी. जून १९२५ मध्ये जनरल पांगालोसने सत्ता घेतली. ऑक्टोबरात सीमेवरच्या चकमकीवरून त्याने बल्गेरियात सैन्य घुसवलं. राष्ट्रसंघाने माघार घ्यायला लावून ४५,००० पौंडांची भरपाई बसवली. बायकांच्या स्कर्टची लांबी त्याने कायद्याने ठरवली, आणि १९२६च्या जानेवारीत लोकांना पुन्हा एकदा नोटा कापायला लावल्या, या वेळी पाव भाग सरकारला. ऑगस्टमध्ये जनरल कोंडिलिसने त्याला खाली खेचलं. कोंडिलिस हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

१९२८ ते १९३२ हा त्यातल्या त्यात बरा काळ. व्हेनिझेलॉस परतले, प्रचंड बहुमताने. शेकडो शाळा बांधल्या गेल्या, मॅसेडोनियातल्या दलदली उपसून शेतं झाली, शेतीसाठी वेगळी बँक निघाली. १९३०च्या ऑक्टोबरात त्यांनी अंकाराला जाऊन तुर्कस्तानशी मैत्रीचा करार केला आणि १९३४ मध्ये केमाल अतातुर्क यांचं नाव शांततेच्या नोबेलसाठी स्वतः सुचवलं. स्मिर्नाला सैन्य पाठवणाऱ्या माणसाने हे करावं याचं मला आजही मोल वाटतं. पण १९२९चा एक कायदाही त्यांचाच. प्रस्थापित समाजव्यवस्था उलथण्याच्या कल्पनांचा प्रचार करणं हाच त्याने गुन्हा ठरवला, आणि कम्युनिस्ट व कामगार पुढारी त्याखाली तुरुंगात आणि बेटांवरच्या हद्दपारीत गेले. मेटाक्सासच्या हाती जी हत्यारं पडली त्यातलं हे एक, आणि ते घडवलं होतं देशातल्या सर्वांत मोठ्या उदारमतवादी नेत्याने.

मंदीने सगळं मोडलं. ग्रीसची निर्यात मुख्यतः तंबाखू आणि बेदाणे, दोन्ही चैनीच्या वस्तू, गिऱ्हाईकच आटलं. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधणं, सोडलं, ग्रीस काही महिने झगडला आणि १९३२च्या वसंतात त्यानेही ते सोडलं. १ मेपासून परदेशी कर्जाचे हप्ते थांबले.

५ मार्च १९३३च्या निवडणुकीत त्साल्दारिसचा राजनिष्ठ लोकपक्ष जिंकला. निकाल पुरते लागायच्या आत त्याच रात्री प्लास्टिरासने बंड केलं. एका दिवसात ते फसलं, आणि सत्ता शांतपणे विजयी पक्षाकडे सोपवण्यासाठी चार दिवस पंतप्रधान कोण झालं? तेच जनरल ओथोनाइओस, सहा जणांना मृत्युदंड देणारे. हरलेल्या बाजूला निकाल पचवता येत नाही, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. जूनमध्ये उलट टोक आलं. व्हेनिझेलॉस आणि त्यांची पत्नी एलेना किफिसियाहून, पेनेलोपी डेल्टाच्या घरून जेवून अथेन्सला परतत होते. मागून आलेल्या गाडीतून गोळ्यांचा पाऊस सुरू झाला. काही किलोमीटर हा पाठलाग चालला. एक अंगरक्षक ठार झाला, एलेनाच्या अंगात गोळ्या घुसल्या. कटात पोलीस खात्यातला बडा अधिकारी होता आणि मारेकऱ्यांत एक नामचीन दरोडेखोर. खटला वर्ष-दीड वर्ष रेंगाळत राहिला. सरकारी यंत्रणाच खून करू पाहते आणि न्यायालय हलत नाही, हे व्हेनिझेलॉसवादी अधिकाऱ्यांनी पाहिलं. आता आपली छाटणी होणार, मग आपल्यावर खटले होणार, असा त्यांचा हिशेब होता.

१ मार्च १९३५चं बंड त्या हिशेबातून झालं, आणि ते फार वाईट तऱ्हेने आखलेलं होतं. नौदलाच्या बंडखोरांनी आवेरोफ क्रूझरसह आरमाराचा मोठा भाग ताब्यात घेतला आणि थेस्सलोनिकीला जायचं सोडून जहाजं क्रीटकडे वळवली, जिथे व्हेनिझेलॉस होते. मॅसेडोनियात जनरल कामेनोसचं सैन्य वाट पाहत बसलं. कोंडिलिस आता सरकारचा युद्धमंत्री. त्याने दहा दिवसांत बंड चिरडलं. कामेनोस बल्गेरियात पळाला, व्हेनिझेलॉस इटलीच्या ताब्यातल्या बेटावर आणि तिथून पॅरिसला.

त्यानंतरचा सूड मोजूनमापून घेतला गेला. दोन जनरल आणि एक मेजर गोळ्यांना बळी पडले. त्यातले एक होते अनास्तासिओस पापूलास, १९२०-२२चे आशिया मायनरमधले सरसेनापती. १९२२च्या खटल्यात त्यांनी सहा जणांविरुद्ध साक्ष दिली होती. दुसऱ्या काही अधिकाऱ्यांना छावणीच्या मैदानावर सर्वांसमक्ष उभं करून त्यांच्या गणवेशावरची पदचिन्हं उपटून काढली गेली. व्हेनिझेलॉस आणि प्लास्टिरासना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. हजाराहून जास्त अधिकारी बडतर्फ झाले. १९१६ पासून पहिल्यांदाच लष्कर जवळजवळ पूर्णपणे एका बाजूचं झालं. १९३६ समजून घ्यायचं तर हे वाक्य अधोरेखित करा.

१० ऑक्टोबर १९३५ रोजी वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी पंतप्रधान त्साल्दारिसची गाडी रस्त्यात अडवून त्यांचा राजीनामा घेतला, कारण राजाला परत आणण्यात त्यांची चालढकल चालली होती. कोंडिलिस राजप्रतिनिधी झाला. एकेकाळचा कट्टर प्रजासत्ताकवादी! ३ नोव्हेंबरला सार्वमत झालं. राजासाठी निळी मतपत्रिका, प्रजासत्ताकासाठी लाल. कोण काय टाकतंय ते सगळ्यांसमोर. निकाल: जवळजवळ ९८ टक्के राजाच्या बाजूने. अकरा वर्षांपूर्वी ७० टक्के प्रजासत्ताकाला होते, आणि दोन्ही वेळा मतदान केंद्राबाहेर जिंकणाऱ्या बाजूचं सैन्य उभं होतं.

जॉर्ज परत आला तो मात्र समेटाच्या विचाराने. त्याने बंडवाल्यांना माफी दिली आणि त्यावरून बिनसल्याने कोंडिलिस बाजूला झाला. जानेवारी १९३६ची निवडणूक बऱ्यापैकी मोकळी झाली. तीनशे जागांत दोन्ही मोठ्या आघाड्या जवळपास बरोबरीत, प्रत्येकी एकशे चाळीसच्या आसपास; साम्यवाद्यांना १५. दोन्ही मोठ्या गटांनी एकत्र यावं असं सगळे म्हणत. बोलणी पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नावर अडत होती: १९३५ मध्ये बडतर्फ झालेल्या अधिकाऱ्यांना परत घ्यायचं का? राजनिष्ठांना ते मुळीच मान्य नव्हतं, कारण परत आलेला कर्नल उद्या पुन्हा बंड करेल. उदारमतवादी त्यांना सोडू शकत नव्हते, कारण तेच पक्षाचा कणा होते. म्हणून दोघांनीही गुपचूप त्या पंधरा साम्यवादी खासदारांशी बोलणी केली. उदारमतवाद्यांचा करार जमला, आणि ती गोष्ट बाहेर फुटल्यावर युद्धमंत्री पापागोस यांनी राजाला सांगितलं की साम्यवाद्यांच्या पाठिंब्यावरचं सरकार लष्कर चालू देणार नाही. राजाने पापागोसना काढलं आणि त्या जागी मेटाक्सासला आणलं, ज्याच्या पक्षाच्या जागा होत्या फक्त ७.

त्याच काही महिन्यांत माणसं भराभर गेली. कोंडिलिस जानेवारीअखेरीस, व्हेनिझेलॉस १८ मार्चला पॅरिसमध्ये, काळजीवाहू पंतप्रधान देमेर्त्झिस १३ एप्रिलला, त्साल्दारिस मे महिन्यात. व्हेनिझेलॉसचं पार्थिव दंग्याच्या भीतीने अथेन्सला न आणता थेट क्रीटला नेण्यात आलं. देमेर्त्झिसच्या जागी राजाने मेटाक्सासची नेमणूक केली, आणि २७ एप्रिलला संसदेने त्याच्यावर २४१ मतांनी विश्वास दाखवून स्वतःला सप्टेंबरअखेरपर्यंत सुट्टी दिली. बंदुकीच्या धाकाने झालेली गोष्ट नव्हे ही. दोन थकलेले पक्ष एकमेकांपेक्षा तिसऱ्याला बरा समजले.

मे महिन्यात थेस्सलोनिकीत तंबाखू कामगारांचा संप पेटला. ९ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात बारा माणसं मेली. तासोस तुसिस या तरुण चालकाचा देह सोबत्यांनी उखडलेल्या दारावर ठेवला होता. रस्त्यात पडलेल्या त्या देहावर ओणवलेल्या त्याच्या आईचं छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. ते मी वर्गात दाखवतो, आणि त्या तासाला आणखी फारसं काही शिकवत नाही.

५ ऑगस्टला एक दिवसाचा सार्वत्रिक संप जाहीर झाला होता. ४ ऑगस्टच्या संध्याकाळी मेटाक्सासने राजाच्या सहीने राज्यघटनेची कलमं स्थगित केली आणि संसद बरखास्त केली. कारण दिलं साम्यवादी उठावाचं. आता सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. साम्यवाद्यांना जेमतेम सहा टक्के मतं होती, लष्करात त्यांना आधार नव्हता, आणि संप होता सक्तीच्या लवादाविरुद्धचा. याउलट जुलैच्या अखेरीस उदारमतवादी सोफुलिस आणि राजनिष्ठ इओआनिस थिओटोकिस (१९२२ साली मारले गेलेले थिओटोकिस वेगळे) यांच्यात संयुक्त सरकारची बोलणी जुळत आली होती आणि राजाला तसं कळवलंही गेलं होतं. ते सरकार आलं असतं तर मेटाक्सास आपल्या ७ खासदारांसह घरी गेला असता. तेव्हा साम्यवादाची भीती राजाच्या आणि मध्यमवर्गाच्या मनात खरी असेल, पण ४ ऑगस्टचं निमित्त तिने पुरवलं एवढंच. विरोध करू शकणारे अधिकारी १९३५ मध्येच बाहेर फेकले गेले होते, म्हणून त्या रात्री एकही रेजिमेंट हलली नाही.

नंतरच्या राजवटीत सार्वजनिक सुरक्षा खात्याचा मानियादाकिस कैद्यांकडून ‘पश्चात्तापाची पत्रं’ लिहून घेऊ लागला. एरंडेल पाजून आणि बर्फाच्या लादीवर बसवून ती मिळवली जात आणि वर्तमानपत्रांतून छापली जात, म्हणजे माणूस आपल्या माणसांतूनही उठावा. सोफोक्लिसचं ‘अँटिगनी’ आणि पेरिक्लिसचं लोकशाहीवरचं भाषणही या सेन्सॉरच्या तावडीतून सुटलं नाही. २८ ऑक्टोबर १९४०च्या पहाटे इटलीच्या राजदूताला नकार देणारा माणूसही हाच मेटाक्सास, आणि त्या युद्धात ग्रीक शेतकऱ्यांनी अल्बानियाच्या बर्फात इटलीला मागे रेटलं, हेही तितकंच खरं.

पण तेव्हासुद्धा १९३५ मध्ये काढून टाकलेल्या वरिष्ठ व्हेनिझेलॉसवादी अधिकाऱ्यांना सेवेत परत घेतलं गेलं नाही. जर्मन ताब्याच्या काळात ही माणसं डोंगरात गेली. त्यांतले स्तेफानोस साराफिस, ज्यांची पदचिन्हं १९३५ मध्ये जाहीरपणे उपटली गेली होती, १९४३ मध्ये साम्यवादी नेतृत्वाखालच्या एलास या गनिमी फौजेचे लष्करी प्रमुख झाले. पांगालोसच्या काळात प्रजासत्ताक रक्षकदलाचा अधिकारी असलेला नापोलिऑन झेर्वास एदेस या प्रतिस्पर्धी फौजेचा नेता झाला. जर्मन अजून देशात असतानाच या दोन फौजा एकमेकींवर गोळ्या झाडू लागल्या.